कांचनमृग आणि इंडोहायस : एका उपमेची चिकित्सा

रूप हरणाचे आणि आत मारीच, ही पंचवटीची कथा नाशिककरांस नव्याने सांगावयास नको. केवळ रूपावरून ओळख ठरविली की फसगत होते, हा तिचा साधा अर्थ. ‘देवमाशाचा पूर्वज एक हरीण होते’ हे विधान शास्त्रविषयक लेखनात आढळते तेव्हा हीच कथा आठवते.

हे विधान इंडोहायस या लुप्त प्राण्यास उद्देशून केले जाते. सुमारे ४ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वीच्या या खुरधारी प्राण्याचे अवशेष भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांस जम्मू प्रदेशातील कालाकोट येथे मिळाले. १९७१ साली त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ ‘भारतीय डुक्कर’ असा होतो. पुढे २००७ साली थेविसन, सुनील बाजपाई व त्यांचे सहकारी यांनी त्याच संग्रहातील अस्थींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या प्राण्याच्या कर्णास्थीची आतील भिंत जाड आहे, आणि हे लक्षण तोवर केवळ देवमाशांच्या कुळातच ज्ञात होते. पायांच्या हाडांचे जाड कवच पाणघोड्याप्रमाणे पाण्यात वावरण्यास सोयीचे होते; दातांतील प्राणवायूच्या समस्थानिकांनीही तीच साक्ष दिली.

मग या ‘हरणा’चे काय? प्राणी मांजराएवढा, पाय सडपातळ, बोटांस खूर; एवढ्यापुरती उपमा योग्यच आहे. परंतु खऱ्या हरणांचे कुळ त्यानंतर दोन कोटींहून अधिक वर्षांनी अवतरले. ‘पूर्वज’ हा शब्दही टिकत नाही, कारण पाकिसेटससारखे आद्य देवमासे इंडोहायसइतकेच, किंबहुना किंचित अधिक, प्राचीन आहेत. तेव्हा त्यास पूर्वज न म्हणता चुलत कुळातील म्हणणे यथार्थ होय.

उपमा द्यावयाचीच तर सह्याद्रीतील पिसोरीची द्यावी. तिलाही आपण हरीण म्हणतो. पण तिला शिंगे नसतात व शास्त्रदृष्ट्या तिचे कुळ निराळे आहे. तिचा आफ्रिकेतील एक आप्त संकटसमयी पाण्यात बुडी मारतो. इंडोहायसचे वर्तनही असेच असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे. येथे उपमा रूपावर न थांबता जीवनक्रमापर्यंत पोहोचते.

आपल्या भाषेस या बाबतीत एक जुना आधारही आहे. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे मुळात कोणताही वन्य पशू. मृगया, मृगेंद्र, शाखामृग या शब्दांत तो अर्थ अद्याप जिवंत आहे. अर्थसंकोच झाला आणि मृग म्हणजे हरीण एवढेच उरले. शास्त्रलेखकाने असा संकोच नकळत पुन्हा घडवू नये.

नाशिक जिल्ह्यातच नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरीच्या गाळात लुप्त हत्तीचे अवशेष सापडले आहेत. अशा अवशेषांविषयी मराठीत लिहिताना ‘सारखा’ हा शब्द जिज्ञासेचे दार उघडण्यापुरता वापरावा. निर्णय मात्र अस्थींच्या पुराव्यावर सोपवावा. अन्यथा वाचकाच्या हाती कांचनमृगच लागेल.