तीन कंठांचा एक स्वर

भिवंडीच्या निजामपुऱ्यांत गेल्या हिवाळ्यांत एका स्नेह्यांच्या घरीं कव्वालीची बैठक ऐकण्याचा योग आम्हांस आला. गल्लीच्या टोकाशीं यंत्रमागांचा खडखडाट चालूच होता. पण या गांवांत त्याची तक्रार कोणी करीत नाहीं. मुख्य कव्वाल सत्तरी ओलांडलेले. तार षड्जाशीं गेले कीं आवाज फाटूं लागे. परंतु तो फाटण्यापूर्वींच त्यांचे हमनवा ती ओळ उचलीत, टाळ्यांचा ठेका घट्ट करीत, आणि म्हातारबुवांस दम घेण्यास सवड मिळे. बैठक संपल्यावर घरांतील तरुण चिरंजीवांनीं जमैका बेटांतील वयोवृद्ध गायकत्रयींच्या एका जलशाचें मुद्रण आम्हां सर्वांस ऐकविलें, आणि "ध्वनिमुद्रिकेंतली मजा आतां यांत उरली नाहीं," असा निकालही देऊन टाकला. हा निकाल आम्हांस मान्य नाहीं.

रेगे म्हटलें कीं बॉब मार्ले हें एकच नांव आपल्याकडील सुशिक्षितांस आठवतें. पण मार्ले, पीटर टॉश व बनी वेलर हे तिघे आरंभीं एकत्र गात असत, याचा सहसा विसर पडतो. त्या काळीं किंग्स्टन शहरांत अशा त्रयी पुष्कळ होत्या, आणि अमेरिकेंतील 'इंप्रेशन्स' या गायकवृंदाचा आदर्श त्यांतील अनेकांपुढें होता. १९६८ च्या सुमारास रेगे हें नांव रूढ झालें. २०१८ सालीं युनेस्कोनें या संगीताची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशांत केली. मानमरातबाची गोष्ट झाली, असो.

आपल्या कानास प्रथम खटकतो तो तिचा ठेका. आपलें सारें गाणें समेकडे धांव घेतें; तबलजीची थाप, श्रोत्यांची मान, सर्व तेथें एकवटतें. रेगेच्या एका प्रसिद्ध ठेक्यांत चार मात्रांपैकीं पहिली मोकळीच सोडतात आणि ढोलाचा भार तिसरीवर टाकतात. समेच्या जागीं मौन! ही संवय व्हावयास आम्हांस बराच काळ लागला.

परंतु खरा भेद कंठांच्या योजनेंत आहे. आपल्या कव्वालींत काय, वारकऱ्यांच्या भजनांत काय, दहा जण गातात ते एकच स्वर गातात. फार तर कोणी सप्तक बदलील. जमैकी त्रयींत तिघे एकाच वेळीं तीन भिन्न स्वर लावतात, आणि आपणांस ऐकूं येतो तो तिघांपैकीं कोणाचाच नसलेला चौथा पदार्थ. 'ॲबिसिनियन्स' या त्रयीनें १९६९ सालीं मुद्रित केलेलें 'सत्ता मासागाना' ज्यांनीं ऐकलें असेल त्यांस हें सांगणें नको. त्या गाण्यांत एकट्या कोणाच्या गळ्याची करामत अशी फारशी नाहींच. आहे तें तिघांनीं परस्परांस जागा करून देणें.

म्हणूनच म्हाताऱ्या त्रयीकडे तरुणपणची ध्वनिमुद्रिका हातांत घेऊन जाणें हा अन्याय आहे. एकाकी गायकाचा गळा खचला कीं गाणें खचतें. त्रयीचे गळे एकदम खचले तर त्यांचें परस्परांशीं असलेलें अंतर कायम राहूं शकतें. त्या जलशांत पट्टी खालीं आणली होती, उंच स्वर ओढून न धरतां सोडून दिले होते. पण तीन स्वरांचा मेळ शाबूत होता, किंबहुना अधिक घट्ट होता. आमच्या तरुण मित्रांस हा थकवा वाटला. आम्हांस तो समजूतदारपणा वाटला.

मात्र एक आक्षेप आम्हीही घेऊं. 'मायटी डायमंड्स' ही त्रयी १९६९ पासून त्याच तीन गायकांची होती. २०२२ सालीं मुख्य गायक टॅबी शॉ यांची हत्या झाली, आणि कांहीं दिवसांतच बनी सिंप्सन हेही निवर्तले. अशा त्रयीच्या नांवानें उद्यां कोणी नवे गायक उभे केले, तर तें नांव कितपत खरें? 'कल्चर' या वृंदाचे जोसेफ हिल २००६ सालीं दौऱ्यावर असतां वारले आणि त्यांचे पुत्र केन्याटा यांनीं त्यांची जागा घेतली. पुत्रानें पित्याची गादी चालविणें कव्वालांत रीतसरच आहे. नुसरत फतेह अली खान यांचें घराणें असेंच चाललें, कारण तेथें नांव घराण्याचें, आणि एकस्वरी मेळ्यांत एक माणूस बदलल्यानें पोकळी दिसत नाहीं. त्रयींत एक कंठ बदलला कीं उरलेल्या दोघांचाही अर्थ बदलतो. नव्यांनीं गाऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांस जुन्या नांवाच्या पुण्याईवर नव्हे, नवीन वृंद म्हणून पारखावें, आणि जाहिरातींत कोण हयात आहे व कोण नाहीं हें तिकीट घेणारास स्पष्ट सांगावें, एवढेंच.

म्हाताऱ्या कव्वालांस हा सर्व प्रकार फारसा रुचला नाहीं. "तिघे एकदम बोलले तर ऐकायचें कोणाचें?" असें ते म्हणाले. तरीही मुद्रण संपेपर्यंत ते उठले नाहींत. गुडघ्यावर हलकेंच टाळी देत बसले होते, आणि ती टाळी प्रत्येक वेळीं नेमकी त्या मोकळ्या सोडलेल्या पहिल्या मात्रेवर पडत होती.