मुखपट्टी कोणासाठीं ?

करोनाची साथ ओसरून आतां कांहीं वर्षें लोटलीं. महाराष्ट्र सरकारनें २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, मुखपट्टीची सक्ती उठविली. आणि जिच्यावरून दोन वर्षें घरोघर, चौकाचौकांत व वर्तमानपत्रांच्या रकान्यांत इतका खल झाला, ती पट्टी बहुतेकांनीं त्याच आठवड्यांत खुंटीला अडकविली. वाद मात्र खुंटीला अडकला नाहीं. अजूनहि चार सुशिक्षित गृहस्थ एकत्र आले कीं, "आपले लोक अडाणी, त्यांना शिस्त कशी ती नाहीं," असें एकानें म्हणावें, आणि "सरकारला तरी कोठें कांहीं कळत होतें ?" असें दुसऱ्यानें उत्तर द्यावें, हा क्रम चालूच आहे. लोक मुखपट्टी नीट कां लावीत नव्हते, हा प्रश्न दोघेहि विचारतात. ती कोणासाठीं लावावयाची म्हणून लोकांना सांगितलें होतें, हा त्याच्या आधींचा प्रश्न कोणीच विचारीत नाहीं. साहित्याच्या मासिकांत हा विषय कशाला, अशी शंका कोणास येईल. परंतु जो वाद घोषवाक्यांनीं, पाट्यांनीं व फर्मानांनीं पोसला गेला, त्याकडे शब्दांची पारख करणाऱ्यांनीं पाहूं नये असें आम्हांस वाटत नाहीं.

तोंडावर वस्त्र बांधणें आपल्या डोळ्यांना कांहीं नवें नव्हतें. स्थानकवासी व तेरापंथी जैन साधुसाध्वी मुहपत्ती बांधतात, ती आपल्या बोलण्यानें व उच्छ्वासानें सूक्ष्म जीवांची हिंसा होऊं नये म्हणून. पारशी मोबेद अग्निसमोर उभा राहतांना तोंडावर पदान बांधतो, तें आपल्या श्वासानें पवित्र अग्नि विटाळूं नये म्हणून. दोघांपैकीं एकहि स्वतःला जपत नाहीं. धोका आपल्यापासून दुसऱ्याला आहे, असें तो धरून चालतो. नवल असें कीं, अर्वाचीन शस्त्रवैद्याची मुखपट्टीहि याच विचारांतून निघाली. बोलतांना तोंडांतून जे तुषार उडतात त्यांतून जंतु पसरतात, असें ब्रेस्लाव येथील कार्ल फ्लूगे यानें दाखविलें. त्यावरून त्याच शहरांतील योहान मिकुलिच या शस्त्रवैद्यानें १८९७ सालीं तोंडाला विरळ विणीचें कापड बांधून शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. तें कापड रोग्याच्या जखमेसाठीं होतें, वैद्याच्या जिवासाठीं नव्हे.

हा अर्थ उलटला तो मांचुरियांत. १९१०-११ च्या हिवाळ्यांत तेथें फुप्फुसाच्या प्लेगनें सुमारें साठ हजार माणसें नेलीं. पिनांगला जन्मलेला व केंब्रिजला शिकलेला वू लिएन-टे हा तरुण डॉक्टर हार्बिन येथें पोंचला, आणि हा प्लेग उंदीर-पिसवांच्या मध्यस्थीवांचून माणसाच्या श्वासानेंच माणसाला जडतो, अशा निर्णयास तो आला. कापूस व गॉज यांची पट्टी त्यानें डॉक्टरांना, शुश्रूषा करणारांना व प्रेतें उचलणारांना बांधावयास लाविली. मेस्नी नांवाचा, वयानें व अनुभवानें वडील असा एक फ्रेंच डॉक्टर तेथें आला. वूनें आपल्या आत्मचरित्रांत सांगितल्याप्रमाणें, एका चिनी माणसानें आपणांस शिकवावें याचाच त्याला संताप आला. तो उघड्या तोंडानें रोग्यांत वावरला, आणि थोड्याच दिवसांत प्लेगनें मेला. मुखपट्टी नाकारणारांच्या इतिहासांतील हें पहिल्या ठळक नांवांपैकीं एक, आणि तें एका विद्वान् डॉक्टराचें आहे ! अडाणी लोकांना बोल लावणाऱ्या आमच्या सुशिक्षित मित्रांनीं तें विसरूं नये. असो. मुद्दा असा कीं, जी पट्टी दुसऱ्याला आपल्यापासून राखण्यासाठीं होती, ती येथून पुढें आपल्याला दुसऱ्यापासून राखणारें कवच झाली.

कवच म्हणूनच ती १९१८ च्या इन्फ्लुएंझांत सामान्य नागरिकाच्या तोंडावर चढली. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहराची हकीकत या बाबतींत सर्वांनीं वाचण्यासारखी आहे. तेथें ऑक्टोबर १९१८ मध्यें मुखपट्टीचा कायदा झाला. गॉजची पट्टी शंभरांत नव्याण्णव हिश्शांनीं इन्फ्लुएंझा अडविते, अशी जाहिरात रेड क्रॉसनें दिली. महायुद्धाचे दिवस असल्यानें, लढाईच्या कामांत अंग चोरणाऱ्याला जें दूषण लावीत तेंच पट्टी न लावणाऱ्यालाहि लावण्यांत आलें. न बांधणाऱ्यांना दंड झाले, कित्येक तुरुंगांत गेले. आणि याच सुमारास एका मुष्टियुद्धाच्या सामन्यांत पोलिसांच्या छायाचित्रकाराला उघड्या तोंडाचे कोण सांपडले, तर खुद्द महापौर जेम्स रॉल्फ व आरोग्याधिकारी विल्यम हॅस्लर ! महापौरानें ५० डॉलर व आरोग्याधिकाऱ्यानें ५ डॉलर दंड भरला. २१ नोव्हेंबरला सक्ती उठली तेव्हां लोकांनीं रस्त्यांत पट्ट्या फेंकून उत्सव केला. साथ पुन्हां उसळली, १७ जानेवारी १९१९ पासून सक्ती पुन्हां आली, आणि या खेपेस मुखपट्टीविरोधी संघ स्थापन होऊन त्याच्या सभेला हजारों लोक लोटले. १ फेब्रुवारीला कायदा रद्द झाला.

आतां या संघाला मूर्खांचा मेळावा म्हणून हंसणें सोपें आहे. पण पुढें कॅलिफोर्नियाच्याच आरोग्यखात्यांतील केलॉग यानें या गॉजच्या पट्ट्यांवर प्रयोग करून १९२० मध्यें जें प्रसिद्ध केलें, त्याचा आशय असा कीं, पट्टी विरळ असेल तर तुषार अडत नाहींत, आणि दाट केली तर श्वास घेणें कठीण होऊन हवा कडेनें शिरते. नव्याण्णव हिश्शांचें वचन देणारे, तें वचन खोटें ठरल्यावर कोठें गेले, हें कोणी विचारलें नाहीं. सरकारच्या हातीं पट्टी बांधण्याचा अधिकार होता, आणि लोकांच्या हातीं ती सोडण्याचा. पण पट्टी किती काम करते हें खरेपणानें सांगण्याची जबाबदारी मधल्या मध्यें हरवली.

ती २०२० मध्येंहि सांपडली नाहीं. वर्षाच्या आरंभीं अमेरिकेचे सर्जन जनरल लोकांना मुखपट्ट्या खरेदी करूं नका, त्यांनीं तुमचें रक्षण होत नाहीं, असें सांगत होते, आणि त्याच दमांत डॉक्टरांना त्या हव्या आहेत असेंहि म्हणत होते. जी वस्तु डॉक्टराला तारते ती आपल्याला कां तारीत नाहीं, हें कोणत्याहि शहाण्या माणसाला उमगलें नाहीं, आणि यांत त्या माणसाचा दोष नव्हता. पट्ट्यांचा तुटवडा आहे, म्हणून आधीं रुग्णालयांना द्या, एवढें सरळ सांगतां आलें असतें. भारत सरकारनें ४ एप्रिलला घरीं शिवलेल्या पट्ट्यांचा सल्ला दिला, मुंबई महानगरपालिकेनें ८ एप्रिलला त्या सक्तीच्या केल्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें सामान्य लोकांसाठीं कापडी पट्टीची शिफारस केली ती ५ जूनला. म्हणजे मुंबईचा भाजीवाला जगाच्या वैद्यकीय राजधानीच्या पुढें दोन महिने पट्टी बांधून उभा होता, आणि तरी बेशिस्त तोच !

आतां घोषवाक्यांकडे वळूं. 'दो गज दूरी, मास्क है जरूरी' या हिंदी वाक्यांत यमक साधलें आहे, पण जरूरी कोणासाठीं, तें वाक्यांत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम चालविली. घरोघर जाऊन ताप व प्राणवायूचें प्रमाण तपासणाऱ्या सेविकांचें काम मोलाचें होतें, आणि तपासणीपुरतें तें नांव योग्यहि होतें. पण मुखपट्टीचा उपदेशहि त्याच खुंटीला टांगला गेला, आणि तेथें अर्थ ढळला. कुटुंबांत कोण मुखपट्टी बांधतो ? ती उंबरठा ओलांडतांना बांधावयाची. म्हणजे जो आपल्या कुटुंबाचा नव्हे, ज्याचें नांवगांव आपणांस ठाऊक नाहीं, अशा बसमधील शेजाऱ्यासाठीं बांधावयाची. त्या शेजाऱ्याला या वाक्यांत जागाच नाहीं. पुढें फेब्रुवारी २०२१ मध्यें 'मी जबाबदार' असें नवें वाक्य आलें. त्यांत तर कुटुंबहि गळलें. जबाबदार कशाला, जबाबदार कोणाला, याचा पत्ता नसलेलें हें वाक्य आम्हांस घोषवाक्यापेक्षां कबुलीजबाबासारखें वाटलें. दुकानांच्या दारांवरील 'मास्क नाही तर प्रवेश नाही' ही पाटी निदान प्रामाणिक होती. तिनें पट्टीचा भाव सांगितला, आणि लोकांनीं तो दारापुरता चुकविला.

आणि मराठी भाषेलाच ही पट्टी पचण्यासारखी नव्हती. आपल्या भाषेंत तोंड झांकणारा माणूस सहसा सज्जन नसतो. अपराधी तोंड लपवितो, देणेकरी तोंड चुकवितो, कुळाला बट्टा लावणाऱ्याला तोंड दाखवावयास जागा उरत नाहीं. ज्याचें मन स्वच्छ तो उजळ माथ्यानें व उघड्या तोंडानें फिरतो. म्हणून एक विपरीत दृश्य सर्वांच्या पाहण्यांत आलें. कचेरींत वा दुकानांत माणसें तोंड बांधून निमूट उभीं राहत, आणि बोलण्याची वेळ आली कीं पट्टी हनुवटीवर ओढीत. ध्वनिवर्धकापुढें उभा राहिलेला पुढारीहि तेंच करी. फ्लूगेचे तुषार ज्या क्षणीं उडावयाचे, नेमक्या त्या क्षणीं पट्टी खालीं ! याला बेशिस्त म्हणणारांशीं आमचा मतभेद आहे. तो शिष्टाचार होता. तोंड झांकून बोलणें हा समोरच्याचा उपमर्द, ही समजूत पिढ्यान् पिढ्यांची. नगरपालिकेचा हुकूम कालचा.

पुण्यांत तर साथीच्या कितीतरी आधींपासून दुचाकीवरून जाणाऱ्या तरुणी धुळीसाठीं व उन्हासाठीं डोळे तेवढे उघडे ठेवून ओढणीनें सारें तोंड गुंडाळीत, आणि वडीलधारी मंडळी, "ओळख लपवावयाची असेल," म्हणून नाकें मुरडीत. त्यांना कोणी हुकूम केला नव्हता, कोणी पावती फाडली नव्हती. कापडाचा त्रास हें मुखपट्टी टाळण्याचें खरें कारण असतें, तर या मुली कधींच कंटाळल्या असत्या. चष्म्यावर वाफ धरते, जीव गुदमरतो, या तक्रारी खऱ्या होत्या, आणि ओठांच्या हालचालींवरून बोलणें समजून घेणाऱ्या बहिऱ्या माणसाची तक्रार तर फारच खरी होती. पण दंडाच्या पावतीखेरीज उत्तर कोणालाच मिळालें नाहीं. मुंबईंत हा दंड आधीं १००० रुपये होता, मग २०० झाला. परिणाम एवढाच कीं, पट्टी रोगाला भिऊन नव्हे, पावतीपुस्तकाला भिऊन वर चढूं लागली. नाक्यावर चढली, नाका ओलांडतांच उतरली.

येथपर्यंत आमचा सिद्धान्त सरळ आहे : मुखपट्टी दुसऱ्यासाठीं आहे हें लोकांना पटवून दिलें असतें, तर लोकांनीं ती बांधली असती. प्रयोगांचा पुरावा प्रथमदर्शनीं आमच्या बाजूचा दिसतो. डेन्मार्कमध्यें २०२० च्या वसंतांत सुमारें सहा हजार लोकांवर परीक्षा झाली. मुखपट्टी बांधण्यास सांगितलेल्यांत शेंकडा १.८ व इतरांत शेंकडा २.१ लोकांना लागण आढळली. हा फरक निर्णायक नाहीं. पण या परीक्षेनें बांधणाऱ्याचेंच रक्षण मोजलें. त्याच्या शेजाऱ्याचें नाहीं. बांगलादेशांत ६०० गांवांतील सुमारें ३ लाख ४२ हजार प्रौढांवर जी परीक्षा २०२०-२१ मध्यें झाली, तिच्यांत सारा गांवच घटक धरला होता. जेथें शस्त्रवैद्यांच्या धर्तीच्या पट्ट्या वाटल्या, तेथें लक्षणांसहित लागण सुमारें ११ टक्क्यांनीं कमी भरली, आणि साठीपुढील लोकांत सुमारें ३५ टक्क्यांनीं. कापडी पट्ट्यांचा निकाल संदिग्ध राहिला. या आकड्यांवरहि आक्षेप आले आहेत. २०२३ मध्यें कॉक्रेन संस्थेच्या समालोचनानें अशा साऱ्या परीक्षा एकत्र तोलल्यावर निश्चित उत्तर निघालें नाहीं, आणि 'मुखपट्टी निरुपयोगी ठरली' अशी आरोळी उठली, तेव्हां त्या संस्थेच्या मुख्य संपादिकेला तसा अर्थ काढूं नका म्हणून खुलासा करावा लागला.

परंतु बांगलादेशच्या त्याच परीक्षेंत आमच्या सिद्धान्ताला सुरुंग लावणारी एक गोष्ट आहे, आणि ती झांकून ठेवणें लबाडीचें होईल. कोणत्या उपायानें लोक पट्टी बांधतात, हेंहि तेथें पाहिलें होतें. कांहीं ठिकाणीं 'स्वतःच्या रक्षणासाठीं बांधा' एवढेंच सांगितलें, कांहीं ठिकाणीं 'इतरांच्या रक्षणासाठीं' हेंहि जोडलें. फरक पडला नाहीं. दूरध्वनीवरच्या संदेशांनीं पडला नाहीं, घरावर प्रतिज्ञेची पाटी लावून पडला नाहीं, गांवाला बक्षीस देऊन पडला नाहीं. नीट पट्टी बांधणारे शेंकडा १३ होते ते ४२ झाले, तें वेगळ्याच कारणांनीं : पट्टी फुकट घरीं पोंचविली, गांवचे पुढारी व मशिदींतील इमाम स्वतः बांधून उभे राहिले, आणि बाजारांत, रस्त्यांत उघड्या तोंडाचा माणूस दिसला कीं कोणी तरी जवळ जाऊन, दंड न करतां, पट्टी हातांत देऊन ती बांधण्याची विनंति केली.

आम्हां शब्दांवर जगणारांना हा निकाल कडू लागला. ज्या घोषवाक्यांची चिरफाड आम्हीं वर इतक्या आवडीनें केली, तीं अधिक चांगलीं असतीं तरी बहुधा फार कांहीं घडलें नसतें. 'माझे कुटुंब' ऐवजीं 'माझा शेजारी' असें लिहून भागलें नसतें. शेजाऱ्यानें येऊन हातांत पट्टी ठेवावयास हवी होती. वाक्यें सदोष होतीं हें आमचें मत कायम आहे. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौराचा उघडा चेहरा त्याच्या सगळ्या फर्मानांहून मोठ्यानें बोलला, हें आम्हीं स्वतःच लिहिलें असतां त्याचा अर्थ पुढच्या परिच्छेदापर्यंत आमच्या ध्यानांत राहिला नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं आमच्या खातीं मांडावी.

आणखी एक तारीख नमूद करण्याजोगी आहे. मुंबईंत मुखपट्टीची सक्ती झाली एप्रिल २०२० मध्यें. राज्य सरकारनें तिच्या किंमतीवर मर्यादा घातली ती ऑक्टोबरमध्यें. मधल्या सहा महिन्यांत रोजंदारीवरच्या माणसानें रुमालावर, उपरण्यावर, पदरावर निभावलें. पुढची साथ येईल तेव्हां घोषवाक्य लिहून देण्याचें काम कोणी आमच्याकडे आणलें, तर आम्ही तें नाकारूं असें नाहीं. फक्त लेखणी उचलण्यापूर्वीं आणणाऱ्याला विचारूं कीं, पट्ट्या किती शिवून झाल्या, आणि त्या वाटावयास कोण जाणार आहे ?