नवेगांवबांध : निसर्गलेखन आणि मनुष्यकृत निवड

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचें ‘नवेगावबांधचे दिवस’ हें पुस्तक इतिहासाच्या अभ्यासकांनीं उपेक्षावें असें नाहीं. वनाधिकारी या नात्यानें त्यांनीं अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील या तलावाकांठीं वास्तव्य केलें, आणि पक्ष्यांचीं व झाडांचीं स्थानिक नांवें व तद्विषयक लोकज्ञान मराठींत आणिलें. पक्षी, प्राणी व वृक्ष यांचे कोश रचणारा असा निसर्गलेखक आपल्या भाषेंत विरळा.

तथापि अशा लेखनाचा मुख्य प्रश्न प्राणी कसा जगतो हा असतो. तो पिढ्यांगणिक कसा पालटतो हा नव्हे. त्यामुळें हा देखावा मनुष्यस्पर्शरहित व अनादि आहे, असा वाचकाचा समज होण्याचा संभव असतो. वस्तुस्थिति निराळी आहे. हा तलाव कोलू पाटील कोहळी यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं बांधिला, असें जुन्या जिल्हा गॅझेटिअरांत नमूद आहे. १९७५ सालीं झालेल्या राष्ट्रीय उद्यानाची ख्याति ज्या पाण्यामुळें आहे, तें पाणी धानाच्या सिंचनासाठीं अडविलेलें होय.

यावरून मनुष्यानें येथील उत्क्रांति घडविली, असें एकदम म्हणणें मात्र सदोष होईल. नव्या पाण्यावर स्थलांतरी बदकें उतरूं लागलीं, तर तो वसतिस्थानांतील पालट झाला. उत्क्रांतीस आनुवंशिक भेद आणि पिढ्यान् पिढ्या होणारी निवड लागते. ती पाहावयाची तर दृष्टि तलावाच्या पाळीवरून खालच्या धानाच्या बांधीकडे वळविली पाहिजे. शेतकरी उत्तम लोंब्या बियाण्यास राखतो, ती हेतुपूर्वक निवड. निंदणींत निराळें दिसणारें रानटी धान उपटलें जातें. पिकासारखें दिसणारें वांचतें व आपलें बीं टाकितें, ती अजाणतां झालेली निवड. वर्षास एक पिढी धरिली तर या तलावाच्या आयुष्यांत धानाच्या सुमारें तीनशें पिढ्या झाल्या. डार्विननें १८५९ सालच्या आपल्या ग्रंथाचा पहिला अध्याय पाळीव प्राणी व लागवडीच्या वनस्पति यांस दिला, तो याच कारणास्तव.

सबब तलावांचे व जमीनबंदोबस्ताचे कागद चाळतांना वाणांचीं नांवें, पेरणीचे प्रकार अथवा पाण्याच्या पाळ्या यांचीं टिपणें आढळल्यास संशोधकांनीं तीं क्षुल्लक मानूं नयेत. मालगुजारी १९५१ सालीं संपली. ती व्यवस्था प्रत्यक्ष पाहिलेले लोक आतां विरळ आहेत. निसर्गलेखकाच्या निरीक्षणास कालक्रमाची जोड देणें हें आपलें काम आहे, आणि त्यास फार अवधि उरलेला नाहीं.