'तू', 'तुम्ही' आणि पत्रांतले जी. ए.

मार्टिन बूबर (१८७८–१९६५) यांच्या 'इख उंट डू' (१९२३) या ग्रंथाचे शीर्षक इंग्रजीत नेताना 'दाऊ' हे प्रार्थनेपुरते उरलेले सर्वनाम वापरले गेले. मराठीला ती अडचण नाही. आईला, विठ्ठलाला आणि जिवलगाला आपण एकाच 'तू'ने हाक मारतो. मात्र ही सोयच दिशाभूल करणारी आहे. बंगळूरच्या शिवाजीनगरातील मुक्कामात रसेल मार्केटमधल्या एका फळविक्रेत्याने दखनीत पहिल्याच वाक्याला मला एकेरीवर आणले. त्या 'तू'त उद्धटपणा नव्हता, तसा संबंधही नव्हता. त्याच्या लेखी माझी ओळख गिऱ्हाइकापलीकडे नव्हती आणि माझ्या लेखी तो संत्र्यांचा भाव होता. बूबर यांच्या परिभाषेत हा 'मी–ते' व्यवहारच.

याच्या नेमके उलट उदाहरण याच राज्यातल्या धारवाडचे आहे. तेथे इंग्रजीचे अध्यापन करणारे जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) आणि सुनीता देशपांडे यांचा पत्रव्यवहार 'तुम्ही'च्या मर्यादेत चालला. आणि तरीही बूबर ज्याला 'मी–तू' म्हणतात ते नाते मराठी गद्यात कोठे शोधायचे झाल्यास प्रथम येथेच शोधावे लागेल. व्याकरणातले एकवचन आणि अस्तित्वातले सामीप्य या दोन भिन्न गोष्टी आहेत.

जी. एं.च्या कथेची चर्चा नियती, एकाकीपण आणि वैफल्य या शब्दांभोवती फिरत आली आहे. 'काजळमाया', 'रमलखुणा', 'पिंगळावेळ' वाचताना ती अगदीच अस्थानी वाटत नाही. काळ्या चष्म्याआड राहणाऱ्या या लेखकाला सार्त्रच्या प्रतिपादनाशी जोडण्याचा मोहही स्वाभाविक आहे: 'बीइंग अँड नथिंगनेस'मध्ये (१९४३) दुसऱ्याची नजर मला वस्तू करून टाकते. पण पत्रात नजर नसते, केवळ संबोधन असते. पाहिले जाण्याचे भय उरले नाही की हा अबोल माणूस वाचनावर, चित्रांवर, स्वतःच्या चुकांवर भरभरून बोलतो, चेष्टा करतो, उत्तराची वाट पाहतो.

येथे बूबर यांच्या मूळ मांडणीला एक प्रश्न विचारावासा वाटतो. खऱ्या भेटीत दोघांच्या मध्ये कोणतेही साधन नसावे असा त्यांचा आग्रह आहे. पत्र म्हणजे तर साधनच: कागद, टपाल, मधले दिवस. तथापि १९५०च्या सुमारास बूबर यांनीच अंतर आणि संबंध यांविषयी स्वतंत्र लेखन करून अंतराला संबंधाची पूर्वअट मानले. धारवाडचे टपाल हे असे अंतर होते. ते नात्याच्या आड आले नाही. नाते त्याच्याच आधाराने उभे राहिले असे मला वाटते.

आपण समीक्षकांनी मात्र या पत्रांचे काय केले? मी स्वतः एकेकाळी त्यांतून 'नियती', 'बालपण', 'मृत्यू' अशा मथळ्यांची टिपणे काढली. कोणाला तरी उद्देशून लिहिलेल्या वाक्याला मी पुरावा केले. 'तुम्ही'चे सरळ 'ते' झाले. यात प्रकाशनक्रमाचाही वाटा आहे. जी. एं.ची पत्रे आधी प्रसिद्ध झाली. सुनीताबाईंची बाजू 'प्रिय जी. ए.' या नावाने २००३ मध्ये आली. मधल्या काळात आपण अर्धा संवाद स्वगत म्हणून वाचत होतो आणि त्या स्वगतातून एकाकी जी. एं.ची प्रतिमा अधिकच गडद करीत होतो. आता दोन्ही पुस्तके हाताशी असताना ती शेजारी ठेवून, तारीखवार, पत्रामागून उत्तर अशा क्रमाने वाचणे हे पहिले काम आहे. कोणत्या प्रश्नाला उत्तर आले, कोणता टाळला गेला आणि कोणता काही महिन्यांनी वेगळ्याच निमित्ताने परतला, हे त्याशिवाय दिसणार नाही.