कारणे दाखवा, पण कशाची?

कॉलेजच्या ऑफिसातून निघणाऱ्या कागदांमध्ये एक कागद असा असतो, की त्याचा लेखक शोधूनही सापडत नाही. 'असे निदर्शनास आले आहे की' अशी त्याची सुरुवात. कुणाच्या निदर्शनास? ते लिहिलेलं नसतं. 'आपले वर्तन महाविद्यालयाच्या शिस्तीस व प्रतिमेस बाधा आणणारे आहे.' कोणतं वर्तन, कोणत्या दिवशीचं? बहुतेकदा तेही नसतं. शेवटी, 'आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये याचा लेखी खुलासा तीन दिवसांच्या आत सादर करावा.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

कारणे दाखवा नोटीस. तुमच्यापैकी काहींना ती मिळाली असेल. हॉस्टेलला उशिरा आल्याबद्दल, मोर्चात दिसल्याबद्दल, कुठल्यातरी ग्रुपवर मेसने दिलेल्या डाळीचा फोटो टाकल्याबद्दल. वकील हा कागद कायद्याच्या अंगानं वाचतात. मला तो एक साहित्यप्रकार म्हणून वाचायचा आहे, कारण त्यातली गडबड आधी भाषेत होते आणि मग न्यायात. या गोष्टीत घटना नसते, साक्षीदार नसतो, कर्ता नसतो. असतं फक्त एक पात्र, आणि उरलेली गोष्ट त्यानंच लिहून द्यायची असते.

'थ्री इडियट्स'मध्ये (२००९) हे फार नेमकं आलंय. त्या सिनेमातल्या भाषणांचा मला कंटाळा आहे, पण एक प्रसंग मी अजूनही मानतो. दारू पिऊन डायरेक्टरच्या दारात केलेल्या उद्योगाबद्दल व्हायरस राजूला केबिनमध्ये बोलावतो, टाइपरायटरसमोर बसवतो आणि राजूच्याच रस्टिकेशनचं पत्र त्याला सांगून टाइप करायला लावतो. पत्र राजूच्या वडिलांच्या नावे. सुटायचं असेल तर आपल्या नावाच्या जागी रँचोचं नाव टाकायचं. राजू पुढे काय करतो ते तुम्हाला आठवत असेलच. सिनेमा तिथून अश्रूंकडे वळतो, पण त्याआधीच्या दोन मिनिटांत शिस्तभंगाच्या कारवाईचा सगळा सांगाडा दिसतो. शिक्षा आधीच ठरलेली, कागद विद्यार्थ्याच्या हातून लिहवून घ्यायचा, आणि सुटकेची किंमत म्हणजे दुसऱ्याचं नाव. गुन्हा खरा होता, हे विशेष. राजू निर्दोष नाही. तरीही त्या खोलीत जे चाललंय त्याला चौकशी म्हणता येत नाही.

नोटिशीचा धाकटा भाऊ म्हणजे माफीनामा. खुलासा लिहायला गेलेल्या मुलाला सर सांगतात, "कशाला वाढवतोस, माफीनामा दे, विषय संपव." बऱ्याचदा ते प्रेमानंच सांगतात. पण माफीनामा दिला की काय झालं होतं हे कुणीच पुन्हा विचारत नाही. मुलाची कबुली हाच पुरावा होतो. आणि विषय संपतो म्हणावं, तर तेही खरं नाही. मे २०२५मध्ये पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीनं ऑपरेशन सिंदूरबद्दलची एक पोस्ट इन्स्टाग्रामवर शेअर केली. धमक्या आल्यावर दोन तासांत काढून टाकली, माफीही मागितली. तरी कॉलेजनं तिला रस्टिकेट केलं आणि पोलिसांनी अटक केली. मुंबई उच्च न्यायालयानं महिना संपायच्या आत तिला सोडायला सांगितलं, रस्टिकेशनला स्थगिती दिली आणि तिचं म्हणणं तरी ऐकून घेतलं होतं का, असं कॉलेजला सुनावलं. पोस्ट तुम्हाला आवडो न आवडो, प्रश्न तो नाही. सगळ्या देशाला तिचं मत ठाऊक झालं होतं, फक्त तिच्या कॉलेजनं तिला काही विचारलं नव्हतं.

दुसरीकडे शिक्षेला चक्क भाव लागलेला दिसतो. ३१ मार्च २०२४ला आयआयटी मुंबईच्या वार्षिक कलामहोत्सवात रामायणावर बेतलेलं 'राहोवन' हे नाटक झालं. तक्रारी आल्या. समिती बसली. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रत्येकी १ लाख २० हजार रुपये दंड झाला, म्हणजे जवळपास एका सेमिस्टरची फी. धाकट्यांना ४० हजार आणि हॉस्टेलच्या सोयी बंद. नाटक वाईट असू शकतं, उथळ असू शकतं. वाईट नाटकाचं काय करायचं याची आपल्याकडे, या तमाशाच्या आणि राज्य नाट्यस्पर्धेच्या महाराष्ट्रात, जुनी पद्धत आहे: त्यावर वाईट परीक्षण लिहायचं. १ लाख २० हजार हा आकडा कोणत्या वाक्याचा, कोणत्या प्रवेशाचा? समीक्षकाला निदान तेवढं तरी सांगावं लागतं.

या प्रकारातला सगळ्यात भयंकर मजकूर हैदराबादचा आहे. २०१५च्या शेवटी हैदराबाद केंद्रीय विद्यापीठानं पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांवर कारवाई केली. त्यांनी हॉस्टेलमध्ये राहायचं नाही, निवडणुकीला उभं राहायचं नाही, आणि प्रशासकीय इमारतीत किंवा इतर सामायिक जागी समूहानं जायचं नाही. 'समूहानं' या एका शब्दावर थांबा. एकेकटे आलात तर विद्यार्थी, पाच जण मिळून आलात तर धोका. हे कलम लिहिणाऱ्याला कदाचित कळलंही नसेल की आपण किती जुनं वाक्य लिहितोय. विद्यार्थ्यांना मात्र कळलं. त्यांनी कॅम्पसवर तंबू ठोकला आणि त्याला नाव दिलं 'वेलिवाडा', तेलुगूत गावाबाहेरची दलितांची वस्ती. आपण ज्याला गावकुसाबाहेर म्हणतो तेच. प्रशासनाच्या गुळमुळीत गद्याचं इतकं अचूक भाषांतर मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या पाचांतल्या रोहित वेमुलाचं जानेवारी २०१६मधलं शेवटचं पत्र सगळ्यांनी वाचलंय. त्याआधी डिसेंबरात त्यानं कुलगुरूंना हातानं लिहिलेलं पत्र कमी वाचलं गेलं. ते अर्जाच्या घाटात आहे. आदरार्थी सुरुवात, मुद्देसूद विनंती, आणि विनंती काय, तर दलित विद्यार्थ्यांना अ‍ॅडमिशनच्या वेळीच मरणाची सोय करून द्यावी. ऑफिसची भाषा ऑफिसलाच उलटी वाचून दाखवणारा हा उपरोध आहे, आणि त्याला वेळेवर कुणी वाचक मिळाला नाही. पत्र विद्यापीठाकडे पोहोचलं होतं. अर्जाचा नमुना ओळखणाऱ्या व्यवस्थेला अर्जदाराचा आवाज ओळखता आला नाही, एवढंच.

पायल कपाडियाचा 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' (२०२१) या वेदनेपासूनच सुरू होतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या २०१५च्या १३९ दिवसांच्या संपात ती होती, कारवाईही तिच्यावर झाली, पोलीस केसमध्येही नाव आलं. पण सिनेमात ती आपली फाइल उघडून बसत नाही. 'एल' नावाच्या एका मुलीची, दूर गेलेल्या प्रियकराला लिहिलेली पत्रं सापडतात, इथून तो सुरू होतो. त्या पत्रांत जात आहे, हॉस्टेलच्या रात्री आहेत, संप आहे, रोहित आहे. मला वाटतं, या सिनेमाची खरी कमाई म्हणजे त्यानं दोन प्रकारचे कागद आपल्यासमोर ठेवले. एक, ज्यात कुणीच बोलत नाही. दुसरा, ज्यात कुणीतरी आपल्या नावाच्या एका अक्षरानिशी का होईना, पण बोलतं. मधला भाग लांबतो, हेही खरं. २०२४मध्ये कानला तिला ग्राँ प्री मिळालं तेव्हा तिच्या संस्थेनं तिचं अभिनंदन केलं. ते पत्रक मात्र सुटसुटीत होतं, कर्ता आणि कर्म जागच्या जागी.

यावर प्राध्यापक मित्र म्हणतात, "कॉलेज म्हणजे कोर्ट नव्हे. रॅगिंग करणाऱ्यांना, मुलींना छळणाऱ्यांनाही तुमचे उलटतपासणीचे हक्क द्यायचे का?" प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९चा आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करा, असं तो प्रमुखांना सांगतो. आणि २०१९मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, तेव्हा घरचे म्हणाले आम्ही सांगितलं होतं, आणि प्रशासन म्हणालं तक्रार आमच्यापर्यंत आलीच नाही. म्हणजे वरून खाली नोटीस निघायला एक दिवस पुरतो, खालून वर गेलेल्या शब्दाला आवक क्रमांकही मिळत नाही. तिची आई आबेदा आणि रोहितची आई राधिका, दोघी मिळून त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

पण नीट चौकशीला कोर्ट लागत नाही, हे याच न्यायालयानं फार आधी सांगून ठेवलंय. १९६२च्या निकालातले तीन विद्यार्थी १९५४च्या परीक्षेत पास झाले होते. पुढे बोर्डानं त्यांना न विचारताच कॉपीच्या आरोपावरून निकाल रद्द केला आणि पुढच्या परीक्षेलाही बसू दिलं नाही. न्यायालय म्हणालं, हे चालणार नाही, त्यांचं ऐकावं लागेल. मग १९७३चा रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजचा खटला. रात्री काही मुलं भिंत ओलांडून मुलींच्या हॉस्टेलच्या आवारात शिरली. ३६ मुलींनी तक्रार केली. प्राचार्यांनी तीन शिक्षकांची समिती नेमली. मुलींचे जबाब आरोपी समोर नसताना घेतले, कारण समोर बसवलं असतं तर त्या बोलल्याच नसत्या, आणि बोलल्या असत्या तर पुढं त्यांचं काय झालं असतं, हे उघड होतं. आरोपींचे फोटो इतर वीस फोटोंमध्ये मिसळून ओळख पटवली. मग त्या मुलांना बोलावून आरोप सांगितला आणि उत्तर लिहून घेतलं. दोन वर्षांसाठी काढून टाकण्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवली. कुणी वकील नव्हता, उलटतपासणी नव्हती.

मुलांनी लिहून दिलं होतं की त्या वेळी आम्ही आमच्या हॉस्टेलवर होतो. समितीनं ते मानलं नाही. पण पन्नास वर्षांनंतरही निकाल उघडला, की मुली काय म्हणाल्या आणि मुलं काय म्हणाली, हे दोन्ही वाचता येतं.