इंजिन लंडनचे, डबे जर्मनीचे

मेव्हण्याने चिरंजीवांसाठी खेळण्यातले इंजिन लंडनहून आणले, डबे जर्मनीहून. रुळांची रुंदी दोन्हींना 16.5 मिलिमीटरच, त्यामुळे गाडी झोकात धावली. पण इंजिन दिसत होते बालवाडीची सहल नेणाऱ्या हेडमास्तरांसारखे! इंग्रजांचे 'ओओ' माप खऱ्या गाडीच्या 76व्या हिश्श्याचे, जर्मनांचे 'एचओ' 87व्या. म्हणजे इंजिन चांगले 14 टक्क्यांनी थोराड. ट्रायल बॅलन्स जुळला म्हणून नोंदी बरोबर असतातच असे नाही, हे बँकवाल्याला कोणी सांगावे? आमच्या कोपरगाव स्टेशनात इंजिन न् डबे कसे खांद्याला खांदा लावून येतात! कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेतही माप एकच, 87चे.

हे सगळं सौ.ला ऐकवलं. ती म्हणाली, "माझ्या भावाच्या भेटीची मापं काढू नका."

तेव्हापासून इंजिन एकटेच शंटिंग करते. डबे कपाटावर आहेत.