फेरी आणि फेरा : सैन्याच्या फेरपालटीची परिभाषा

१४ ऑगस्ट १९६९ रोजी उत्तर आयर्लंडच्या रस्त्यांवर उतरलेले ब्रिटिश सैन्य तेथील अंतर्गत सुरक्षेच्या कामगिरीतून ३१ जुलै २००७ रोजी मोकळे झाले. ‘ऑपरेशन बॅनर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रदीर्घ मोहिमेचे विश्लेषण त्या सैन्याने २००६ साली स्वतःच एका पुस्तिकेच्या रूपाने सिद्ध केले, व पुढील वर्षी ती अभ्यासकांच्या हाती आली. युद्धशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. परंतु कोणतीही संस्था स्वतःच्या कृतीला जे शब्द देते, त्यांत त्या कृतीविषयीची तिची समजूत साठलेली असते. या दृष्टीने सैन्याच्या फेरपालटीच्या परिभाषेचा येथे विचार करावयाचा आहे.

या मोहिमेत पलटणी दोन प्रकारे नेमल्या जात. काही पलटणी सुमारे दोन वर्षांकरिता, बायकामुलांसह, कायम छावण्यांत राहत. त्यांना ‘निवासी’ म्हणत. इतर पलटणी प्रारंभी सुमारे चार महिन्यांकरिता, व पुढील काळात सहा महिन्यांकरिता, कुटुंबाविना येत. या दुसऱ्या प्रकाराला ‘रूलमाँ’ असे फ्रेंच नाव होते. त्याचा मूळ अर्थ घरंगळणे, चाकासारखे फिरत राहणे. अशा प्रत्येक मुदतीला ‘टूर’ म्हणत. हा शब्दही फ्रेंचमधूनच इंग्रजीत आला असून त्याच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द कातारी ज्यावर लाकूड फिरवतो त्या यंत्राचा वाचक आहे. सारांश, दोन्ही शब्द चक्राचे आहेत. आणि चक्राच्या शब्दांत काळ पुढे सरकत नाही, तो पुनःपुन्हा आरंभापाशी येतो.

ही व्यवस्था निष्कारण निर्माण झाली नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९७२ साली तेथील नियमित सैनिकांची संख्या २०,००० च्या वर गेली होती. त्याच वेळी पश्चिम जर्मनीतील संरक्षणाची जबाबदारीही त्याच सैन्यावर होती. अशा स्थितीत तोफखान्याच्या व चिलखती दलाच्या तुकड्यांनाही पायदळाचे काम शिकवून पाळीपाळीने आणावे लागले. अखंड सावधपणे गस्त घालणारा माणूस थकतो, आणि थकलेल्या माणसाच्या हातून चूक होते. मुदत ठरलेली असली म्हणजे तो ती निभावून नेतो. अडीच लाखांहून अधिक सैनिकांना या कामगिरीवर पाठवूनही सैन्य मोडकळीस आले नाही, याचे बरेचसे श्रेय या पद्धतीला द्यावे लागेल.

तथापि पद्धतीचे हे यश केवळ येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बाजूने मोजलेले आहे. मराठीत ‘फेरी’ व ‘फेरा’ हे एकाच धातूपासून झालेले दोन शब्द आहेत. पण त्यांच्या अर्थांत मोठे अंतर पडले आहे. फेरी आपण घालतो आणि ती संपवून घरी येतो. फेऱ्यात मात्र आपण सापडतो. पश्चिम बेलफास्टमधील एखाद्या गल्लीत चार महिन्यांची मुदत पुरी करणाऱ्या सैनिकाची ती फेरी होती. तेथेच जन्मून वाढलेल्या मुलासाठी तो फेरा होता. झडतीसाठी दार ठोठावणाऱ्या प्रत्येक नव्या पलटणीला ते घर नवे होते, परंतु त्या घराला झडती नवी नव्हती. नव्या पलटणीची आघाडीची माणसे आधी येऊन जुन्या पलटणीबरोबर गस्त घालीत. नकाशे, नोंदी, संशयितांची नावे हाती दिली जात. मागील पलटणीने केलेला अपमान मात्र अशा नोंदींतून हाती देता येत नाही. त्याची नोंद रहिवाशांकडेच राहते.

यावर कोणी म्हणेल की, मुदत वाढवावी म्हणजे झाले. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी ऊर्फ लंडनडेरी येथे घडलेला प्रकार या उत्तराविषयी सावध करतो. त्या दिवशी १३ नागरिकांना ठार करणारी पॅराशूट रेजिमेंटची पहिली पलटण ‘निवासी’च होती; पण तिचा निवास बेलफास्टजवळच्या हॉलिवुडमध्ये होता. डेरीत ती एका दिवसाच्या कामाकरिता आली होती. गोळीबाराचे समर्थन होईल असा धोका कोणाही बळीपासून नव्हता, असा निष्कर्ष सॅव्हिल चौकशीने २०१० साली काढला. या कृत्याचे खापर फेरपालटीवर फोडणे अर्थातच चुकीचे ठरेल, कारण त्याची जबाबदारी आज्ञा देणाऱ्यांवर व गोळी झाडणाऱ्यांवर आहे. मुद्दा इतकाच की, ‘निवासी’ हा शब्द छावणीशी असलेले नाते सांगतो, गावाशी असलेले नव्हे.

मग गावचाच माणूस नेमावा काय? १९७० साली उभारलेली अल्स्टर डिफेन्स रेजिमेंट स्थानिकांचीच होती. तिच्या सैनिकांना परतीची तारीख नव्हती. त्यांतील पुष्कळ जण दिवसा आपला पोटाचा धंदा पाहत व रात्री गणवेश चढवीत. ठार झालेल्या त्यांच्या सैनिकांपैकी बहुसंख्य कामावर नसताना मारले गेले. तेही फेऱ्यातच सापडलेले होते. परंतु कॅथलिकांचे प्रमाण या दलात आरंभीच अल्प होते आणि लवकरच ते नाममात्र उरले. त्यामुळे दलापाशी स्मृती भरपूर होती, पण ती एकाच समाजाची होती. स्मृतिहीन परका आणि पक्षपाती ओळखीचा, या दोन टोकांमधून ‘निवासी’ वा ‘रूलमाँ’ हे शब्द वाट दाखवीत नाहीत.

आपल्याकडे १९९० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल्सने निराळी रचना स्वीकारली. तीत पलटण सामान्यतः आपल्या नेमलेल्या टापूत राहते आणि माणसे ठराविक मुदतीने बदलतात. ४१ राष्ट्रीय रायफल्ससारखी पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेली असल्याने महाराष्ट्रातील कितीतरी घरांना काश्मीरची ही मुदत ठाऊक आहे. येथे चाक फिरते, पण आस जागेवर राहतो. संस्थेची स्मृती टिकविण्याच्या दृष्टीने ही सुधारणा खरीच. तथापि संस्थेने काय स्मरणात ठेवावे, हा प्रश्न तीमुळेही सुटत नाही. दफ्तरात शत्रूची हालचाल उतरते, तशी शेजाऱ्याची तक्रार उतरते काय?

उपर्युक्त पुस्तिकेचे एक मोठेपण आहे. संपूर्ण मोहिमेला दिशा देणारी एकच सत्ता नव्हती, ही उणीव तिने लपविलेली नाही. परंतु ज्यांची पाळी कधीच बदलली नाही, त्यांच्यासाठी तिच्या परिभाषेत मुळी संज्ञाच नाही. सैन्याने सैन्याचा विचार करावा, यात गैर काही नाही. मात्र अभ्यासकाने ही परिभाषा जशीच्या तशी उचलली, तर ३८ वर्षे त्याला चार-चार महिन्यांच्या तुकड्यांत दिसतील आणि त्या तुकड्यांना जोडणारा काळ दिसणार नाही. तो काळ त्या गल्लीतील माणसांनी सलग काढला आहे.